शेवटच्या मॅचचा ऑफसाइड

बाबा, परवा शनिवारी मी झेंडा धरला. तुमच्यासारखा, मैदानाच्या कडेने पळत. इथे डीमन या डच गावाच्या क्लबात तुमची नात फुटबॉल खेळते. तिच्या मॅचला रेफरी एकटाच असतो. कडेचा झेंडा दोन्ही टीमच्या पालकांपैकी कुणीतरी धरायचा. आमचा नेहमीचा गृहस्थ आजारी पडला, कोचने सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी आपापल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि खेळातलं ओ की ठो कळत नाही अशी ख्याती असलेली मी कॉफीचा कप बाकावर ठेवून "द्या इकडे" म्हणाले.

मी कुणाची मुलगी आहे हे त्यांना काय माहीत! इतर मुलींना झोपताना राजाराणी मिळायचे, मला इंग्लंडच्या उत्तरेकडची तुमची ती लीग मिळायची. तुम्ही सूतगिरणीत यंत्रं शिकायला गेलेले, खेळता काही येत नव्हतं, पण गिरणीच्या टीमला झेंडा धरायला माणूस हवा होता. रेल्वेवाल्यांची टीम, बेकरीवाल्यांची, चर्चची, टेकडीपलीकडच्या खाणकामगारांची. मॅच संपली की दोन्ही टीम एकाच हॉलमध्ये चहाला बसायच्या, आणि तुम्ही मांस खात नाही म्हणून तुमच्यासाठी चीज-पावाची वेगळी प्लेट असायची. ती प्लेट सांगताना तुमचा चेहरा असा काही फुलायचा! मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रत्येक गिरणीबरोबर तिची टीम गेली. शेवटी इतक्या थोड्या टीम उरल्या की त्याच त्याच माणसांशी पुन्हा पुन्हा खेळावं लागे. समोरच्या गोलकीपरच्या बायकोचं दुखणंखुपणंही तुम्हांला पाठ झालं होतं.

आणि ती शेवटची मॅच. समोर खाणवाले, एक गोल झाला तर कप तुमचा. आपला झेंडेवाला आपल्या टीमला सांभाळून घेतो, हे तिथे सगळे धरूनच चालायचे. खाणवाल्यांचा झेंडेवालाही तसंच करायचा. अगदी अखेरीस तुमच्या टीमने गोल केला, आणि तुम्ही झेंडा वर केलात: ऑफसाइड, पास मिळण्याआधीच आपला माणूस त्यांच्या बचावाच्या पुढे जाऊन उभा. गोल रद्द झाला, कप खाणवाल्यांना गेला. पुढचं वर्ष असतं तर कुणी विसरलंही असतं, पण त्या उन्हाळ्यात लीगच बंद झाली. त्या दिवशीही हॉलमध्ये तुमची वेगळी प्लेट ठेवलेली होती, शेजारी मात्र कुणी बसलं नाही. इथे गोष्ट संपायची आणि तुम्ही म्हणायचात, "ऑफसाइडच होता." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, होता म्हटलं ना! झोपू द्या की पोरीला."

शेवटी हॉस्पिटलमध्ये तुम्ही उजवा हात सारखा वर करता. सिस्टरना वाटतं, पाणी हवंय. तुम्ही पाणी बाजूला सारता, माझ्याकडे बघता आणि विचारता, "होता ना गं?" त्या मॅचच्या वेळी मी जन्मलेही नव्हते. "हो बाबा, होता," मी म्हणते. हात खाली येतो. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. अजून हे आठवलं की ऑफिसमध्येसुद्धा मला उठून बाथरूममध्ये जावं लागतं.

इथून एकदा मी तुमच्या गिरणीच्या त्या गावी जाऊन आले. मैदानावर सुपरमार्केटचं पार्किंग आहे. लायब्ररीतल्या बाईंना लीगचं नाव सांगितलं, तर त्या गोड हसून म्हणाल्या, अशा खूप होत्या हो. म्हणजे आता ती लीग फक्त माझ्यापाशी उरली आहे. माझ्यामागे ती राहायची तर लेकीपाशीच, आणि ती मराठी समजते पण उत्तर डचमध्ये देते; मी "तुझे आजोबा ना" असं सुरू केलं की तिच्या कानात हेडफोन.

तर शनिवारी बरोबरी चालली होती. मॅच संपता संपता गोल झाला. आपल्याच पोरीने केला. ती दोन्ही हात पसरून पळत सुटली, आणि माझा झेंडा वर. कोच चिडून म्हणाला, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" घरी येताना ती सायकलवर पुढे, मी मागे. ट्रामच्या सिग्नलला ती बाहीने डोळे पुसत होती. मग मी तिथेच, सायकल धरून उभ्या उभ्या, तुमची लीग सांगितली. टेकडीपलीकडचे खाणवाले, ती प्लेट, तो हात, सगळं. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, ती हलली नाही. पहिल्यांदा तिने सगळं ऐकलं. आणि मग चक्क मराठीत विचारलं, "पण आजोबांना नक्की दिसलं होतं?"

मी हे तुम्हांला कधीच विचारलं नव्हतं. ज्याला खात्री असते तो जन्मभर तेच तेच सांगत बसत नाही, बाबा. मरताना मुलीला विचारत नाही. एवढं ओझं तुम्ही एकट्याने वाहिलंत, आणि मी आपली गोष्ट समजून ऐकत झोपी जायचे.

"हो," मी तिला म्हणाले. "आणि तुला?" तिने विचारलं. "ऑफसाइडच होता," मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि सायकल काढली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. ऊन डोळ्यांवर होतं. मला नीट दिसलं नव्हतं.