निळ्या दगडावरचा मुलगा

४ ऑक्टोबर १९२६

छपाईचा दगड बिघडला. पुलाचं पोस्टर आहे – खाली नदी, वर लाल बसगाड्यांची रांग. चित्र दगडावर काढून त्यावरून कागद छापायचे, प्रत्येक रंगाच्या शाईचा दगड वेगळा. लाल, काळा, पिवळा निमूट उतरले. आकाशाच्या निळ्या दगडावर शाई फिरवली आणि ढगांत डाग उमटला. जुनं चित्र. नीट घासलं नाही की दगड ते पोटात ठेवतो, मग कधीतरी वर काढतो. गॅड्सबी फोरमन म्हणाला, "पेटिफर, तुझ्या आकाशात भूत शिरलंय बघ." सगळे हसले. मीही हसलो.

तीस वर्षं दगडावर उलटं लंडन काढतोय, कागदावर सुलटं उतरावं म्हणून. आता सुलटंच परकं वाटतं.

५ ऑक्टोबर

दगड नीट पाहिला. डाग नाही. मुलगा आहे! टोपी घातलेला, ट्रामच्या वरच्या मजल्यावर कठड्याला टेकलेला. डावा हात वर.

चौदा साली रानात सहलीला नेणाऱ्या ट्रामचं पोस्टर मी दगडावर उतरवलं होतं. चित्रकार गर्दीचे नुसते ठिपके देतो. त्यात आम्ही आपापली माणसं घुसडतो – सासू, गुत्तेवाला – कुणी विचारत नाही. मी विल्फला वरच्या मजल्यावर बसवला. आमचा पोरगा डावरा. मास्तरांनी छड्या मारल्या तरी डावराच राहिला.

६ ऑक्टोबर

सतरा साली तो फ्रान्समध्ये लढाईत गेला. थडगं नाही. घरात फोटो एकच, फ्रॉकातला, दोन वर्षांचा असतानाचा. त्या पोस्टरांवर केव्हाच दुसरी चिकटली. मोठा झालेला विल्फ कुठेच उरला नव्हता.

हेटीला, त्याच्या आईला, सांगू? नऊ वर्षं तिनं त्याचं नाव घेतलेलं नाही. भीती वाटते.

७ ऑक्टोबर

गॅड्सबीला सांगितलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईकाला आकाश हवंय, तुझा पोरगा नको. उद्या घासायचा." मग हळूच, "एक कागद छापून घे. मी काही पाहिलं नाही."

८ ऑक्टोबर

कागद काढला. धड बघवेना. वर्तमानपत्रात घालून बाजूला ठेवला. मग वाळू, पाणी आणि घासणं. राखाडी चिखल मोरीत गेला. विल्फ दुसऱ्यांदा गेला.

घरी हेटीनं कागद खिडकीशी नेला. खूप वेळ पाहिला. "चांगला आलाय," एवढंच म्हणाली. शेगडीवरच्या फळीवर चहाच्या डब्याला टेकवून ठेवला.

९ ऑक्टोबर

हेटी जाता-येता त्याच्याशी बोलते. हळू आवाजात.

१० ऑक्टोबर

जेवताना हेटी म्हणाली, "विल्फला असा चरबी लावलेला पाव आवडायचा. कडा मात्र खिशात लपवायचा, लबाड." आणि हसली. किती बरं वाटलं, काय लिहू.

१२ ऑक्टोबर

दाढी करताना आरशात मागचा कागद दिसला. डावा हात वर. वळून पाहिलं – उजवा.

दगडावर जे डावं, ते कागदावर उजवं. आणि हे मी विसरलो! हा पोरगा उजवा, आमचा विल्फ नव्हेच.

हेटी चहा ओतत होती. "मला पहिल्याच दिवशी कळलं, अँब्रोस," ती म्हणाली. "राहू दे त्याला. कुणाचा तरी आहेच ना."