धुरांड्याभोवतीची मोकळी जागा

कोलशेत, ठाणे
आषाढ, भर पावसात

ती. कुंडलिकदादांच्या चरणी धाकट्या दामाजीचा नमस्कार.

डोंबिवलीच्या जिन्यांनी तुमच्या गुडघ्याचे काय केले? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल. घरही उभे आहे, आणि हे मी सवयीने लिहीत नाही.

दादा, आपल्या जयेशने बोटीवरची नोकरी सोडली आणि नव्या बंगलीच्या हॉलमध्ये चक्क फायरप्लेस बांधली. (होय, कोलशेतला. शेजारी विचारतात, थंडी कुठून मागवणार?) नॉर्वेत म्हणे तो अशा आगीपुढे बसून घरची आठवण काढायचा, आता घरी बसून नॉर्वेची काढतो. मला मात्र हसू येईना. खाडीकाठच्या शाळेत आपण घामाघूम होऊन बर्फाच्या कविता घोकल्या. बर्फ गुरुजींनीही पाहिला होता तो मासळीच्या टोपलीतला! ती कवितेतली शेकोटी या वयात माझ्या दारी चालत आली.

त्याहून थोर ते धुरांडे. पोलादी नळ छपरातून वर जातो, त्याच्याभोवती लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर सिमेंटच्या फळ्या, माथ्यावर पत्र्याची टोपी. नळ आणि फळ्या यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी. मी विचारले, इथे काय भरणार? जयेश म्हणाला, "काहीच नाही, बाबा. ही मोकळी हवाच घराला आगीपासून सांभाळते." दादा, मी माळ्यावरच्या झडपेतून आत डोकावलो आणि थक्क झालो. काहीच नसणे घर राखते! दुपारभर तिथेच बसून राहिलो, चहा निवला तरी.

आमची जनी माझ्यामागून डोकावली. तिलाही नवल वाटले, पण निराळे. "एवरी सुकी जागा, नि रिकामी ठेवाची?" पावसाळ्यासाठी आगोटीला साठवलेले सुके बोंबील दमट हवेने मऊ पडू लागले होते. (नव्या स्वयंपाकघरात सूनबाई समिधा त्यांना टांगू देत नाही.) जनीने माळांवर माळा झडपेतून आत सोडल्या. शिडी मी धरली.

रविवारी जयेशने बोटीवरच्या मित्रांना बोलावून आग पेटवली. काय तो उजेड! मी कविता म्हणायला उभासुद्धा राहिलो. मग वास आला. दादा, तो वास! अख्खा जुना गाव भिंतीतून बोलू लागला. भर पावसात मांजरे छपरावर जमली. पाठोपाठ झडपेतून धूर. जयेश बादली घेऊन माळ्यावर धावला आणि अर्धवट भाजलेली माळ घेऊन खाली आला. "आई, घर पेटलं असतं!"

"पेटला नाय ना? मंग खा."

खाल्ले त्याने. मित्रांनी तर काटेही ठेवले नाहीत. पण हात धुताना त्याने बजावले की त्या जागेत पुन्हा काही सापडले, तर फायरप्लेस विटांनी बुजवीन. दादा, माझी शेकोटी!

वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमचा,
दामाजी

ता. क. उरलेले बोंबील पावसाळाभर तुमच्या माळ्यावर राहतील ना? पोते जयेशच्या गाडीत चढलेच आहे.

ता. क. आणखी एक. पोत्याच्या तळाशी माझी शाळेतली कवितांची पुस्तके आहेत. तीही ओल धरत होती, म्हणून मी बोंबलांच्या मागे, अगदी नळाला टेकवून ठेवली होती. कडा करपल्या आहेत. जनीला वाटते, तो धूर तिच्या बोंबलांचा होता. तसेच वाटू द्या.