कोळंबीची जाडी

॥ श्री ॥
सांगली, वसतिगृह
१९ ऑगस्ट १९९०

चि. सगुणास दादाचे अ. आ. वि. वि.

मी खुशाल आहे, म्हणजे वेळेवर जेवतो आणि झोपतो. त्यापलीकडे खुशालीसारखं काही नाही. प्रॉडक्शन इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष म्हणजे नुसतं प्रोजेक्ट एके प्रोजेक्ट. वर्गातल्या निम्म्या पोरांना कंपन्यांनी प्रोजेक्ट दिले. कुणाचा मामा मॅनेजर, कुणाचे काका परचेसमध्ये. मी आपल्या बाजूच्या अकरा कंपन्यांना अर्ज पाठवलेले. दोघींचा नकार आला, बाकीच्यांचा तोही नाही. शेवटी वैतागून सरांना म्हणालो, मी कोळंबी सोलायचं मशीन करतो. सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण मग म्हणाले की कर, निदान कुणाची नक्कल तरी नसेल.

कल्पना सोपी आहे. रबराचे दोन रोलर उलटसुलट फिरतात, मधल्या फटीत साल धरतात आणि ओढून काढतात. फट किती ठेवायची ते ठरवायला कोळंबीचं माप हवं, आणि सांगलीत कोळंबी कुठून आणू? माझ्या वर्गातला शहाडचा राघो घरी येतोय. त्याच्याबरोबर व्हर्नियर कॅलिपर पाठवतो. वर्कशॉपचं आहे, खाऱ्या पाण्यात बुडवू नकोस. किमान तीनशे कोळंब्या मोज. लांबी मुख्य, जाडी जमली तर. व्हर्नियर कसं वाचायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. मला ते कळायला चार दिवस लागलेले, तेव्हा घाबरू नकोस.

आयला सा. न. तिचं कोपर दुखायचं थांबलं का? लोभ आहे तसा राहू दे, पण मापं लवकर धाड.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
कळवा
१६ सप्टेंबर १९९०

ती. दादास सगुणाचा सा. न. वि. वि.

तुझं व्हर्नियर मला अर्ध्या तासात कळलं. राग नको धरूस, पण बारावीला गणितात तुझ्यापेक्षा तेरा मार्क मलाच जास्त होते हे तू विसरतोस.

तीनशे नाही, तीनशे बारा मोजल्या. आय रोज वैतागायची. म्हणायची, म्हावरं विकायला आणलंय की त्याचे कपडे शिवायचेत? खाडीत आता काही उरलं नाही, भाऊच्या धक्क्यावरून बर्फातलं आणावं लागतं. मापं घेईपर्यंत बर्फ वितळतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. दोनदा मला बाजारात आयच्या शेजारी पाटावर बसूनच मोजावं लागलं. शेजारच्या मीराबाईने सगळ्या बाजाराला सांगितलं की चंद्रभागेची पोर कोळंबीला सोन्यासारखी तोलते.

आता नीट वाच. लांबीच्या नादी लागू नकोस, ती फसवी आहे. कोळंबी वाकडी होते, ताणली तर वाढते, डोकं गेलं की कमी होते. डोक्यापासून दुसऱ्या वळीवर जाडी मोजली तर मापं तीन ठिकाणीच गर्दी करतात, साधारण नऊ, बारा आणि पंधरा मिलिमीटर. आय हातानेच तीन वाटे करते, तेही पाठीची जाडी चाचपून. तिला विचारलं तर म्हणाली, त्यात काय सांगायचं! वहीतली आठही पानं उतरवून पाठवते. सहाव्या पानावर सगळं आखून दाखवलंय.

कोपर दुखतंच आहे. दिवाळीला ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सगुणा

सांगली
२५ नोव्हेंबर १९९०

चि. सगुणास अ. आ.

दिवाळीला आलो नाही म्हणून आय रागावली असेल. येण्यासारखं तोंडच नव्हतं. मशीन तयार झालं, वर्कशॉपमध्ये सगळे जमले, आणि राघोने बर्फात घालून आणलेली दोन किलो कोळंबी मी रोलरमध्ये सोडली. लहान होती तिचा चिखल झाला. मोठी वरच नाचत राहिली. सोललेली म्हणावी अशी किती निघाली ते लिहवत नाही. सर म्हणाले की हे मशीन नाही, ही चटणीची गिरणी आहे. पोरं अजून मला चटणीवाला म्हणतात.

तुझ्या मापांवरून सरासरी लांबी काढली आणि फट त्या हिशेबाने ठेवली. गणितात चूक सापडत नाही. तीन वेळा रबर बदललं, वेग कमी केला. वर्कशॉपचा मेकॅनिक आता मला बघितलं की जेवायला जातो. जानेवारीत दुसरी चाचणी आहे. तीही बिघडली तर हे वर्ष गेलं समज. चार वर्षं आयने टोपली वाहून मला शिकवलं ते या चटणीसाठी का, असं वाटतं.

जास्त लिहीत नाही. लोभ ठेव, ठेवण्यासारखं काही केलं नसलं तरी.

दादा

कळवा
३ डिसेंबर १९९०

ती. दादास सा. न.

तुझं पत्र आयला वाचून दाखवलं, चटणीचं सोडून.

दादा, तू सहावं पान वाचलंसच नाहीस. सरासरी लांबी! मी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं की लांबी फसवी आहे. महिनाभर बोटं बर्फात घालून मी जे काढलं ते तू बाजूला ठेवलंस आणि गणितात चूक शोधत बसलास. बाबा गेले त्या वर्षी आपल्यातलं एकजण घरी राहणार होतं, ती मी राहिले. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. पण निदान माझं लिहिलेलं वाचत तरी जा.

आधी वाटे कर, मग सोल. बांबूच्या कामट्यांची उतरती चौकट मी घरीच बांधली. वरच्या भागात फटी दहा मिलिमीटरच्या, खालच्या भागात तेराच्या. कोळंबी वरून सोडून चौकट हलवली की बारीक पहिल्यांदा गळते, मधली नंतर, मोठी घसरत टोकाला जाते. मग तीन जोड रोलर लाव, प्रत्येकाची फट वेगळी. चौकटीचं चित्र मापांसह सोबत आहे. आयने एक अख्खी टोपली ओतून बघितली. बायका आधी हसल्या, मग मीराबाईने आपलीही टोपली आणून ओतली.

या वेळी वाच. मग लोभाचं बघू.

सगुणा

सांगली
२६ मे १९९१

चि. सगुणास दादाचे अनेकानेक आशीर्वाद!

जिंकलो! जानेवारीच्या चाचणीतच शंभरातल्या ऐंशी नीट सोलून निघालेल्या. अंतिम परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चौकटीपुढे वीस मिनिटं उभे राहिले. असं सोपं डोकं आजकालच्या पोरांत दिसत नाही, म्हणाले. प्रोजेक्टला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. ज्यांनी मला चटणीवाला म्हटलं ते आता फोटो काढायला बाजूला उभे राहतात. ठाण्याच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणंही आलंय, जुलैत.

अहवालाची बांधीव प्रत राघोबरोबर पाठवतोय. आयला सोनेरी अक्षरं दाखव. चौकटीचा फोटो पान अठ्ठाविसावर आहे. इथली आवराआवर करून पुढच्या महिन्याअखेर येतो.

सगळ्यांचा लोभ असाच भरून राहो.

तुझा आनंदी,
दादा

कळवा
९ जून १९९१

ती. दादास नमस्कार.

अहवाल मिळाला. इंग्रजी असला तरी सगळा वाचला, दोनदा.

आभाराच्या पानावर प्राचार्य आहेत, सर आहेत, वर्कशॉपचा मेकॅनिक आहे, राघो आहे, टाइप करून देणारे गृहस्थ आहेत. घरच्यांचे आशीर्वादही आहेत. पान एकतीसवरचा तक्ता माझ्या वहीतला आहे, माझी खाडाखोड वगळून. त्याच्यावर लिहिलंय, लेखकाने स्वतः घेतलेली मापं.

आयने विचारलं, तुझं नाव कुठं आहे ते दाखव. तिला वाचता येत नाही हे बरं झालं. टाइप करणाऱ्या गृहस्थांच्या नावावर मी तिचं बोट ठेवलं. तिने ते तीनदा चाचपलं. मग पदराला हात पुसून अहवाल मीराबाईकडे घेऊन गेली, तिलाही तेच नाव दाखवलं. मी दारात उभी होते. मला तुझा राग आला, पण त्याहून जास्त माझाच आला.

मी रडगाणं लावत नाही. पॉलिटेक्निकचा फॉर्म आणलाय, प्रॉडक्शनच्या डिप्लोमाचा. खिडकीवरचा माणूस म्हणाला की मुलींनी ड्रेसमेकिंगला जावं, ती रांग पलीकडे आहे. मी हललेच नाही, तेव्हा त्याने फॉर्म दिला. शेवटची तारीख एकोणतीस. प्रवेश मिळाला तर तास सकाळचे. आयचं कोपर आता वर जात नाही, टोपली उचलायला आणि पाटावर बसायला माणूस लागतं. इतकी वर्षं ते माणूस मी होते.

तू काय ते ठरव.

सगुणा

सांगली
१४ जून १९९१

सगुणा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तुझं पत्र घेऊन सरांकडे गेलो. ते म्हणाले, अहवाल विद्यापीठात जमा झालाय, आता एक अक्षरही बदलता येणार नाही. मी खूप भांडलो, पण ते भांडण सोपं होतं. अवघड गोष्ट तुला अजून लिहिलेली नाही. परीक्षकांनी मला सरळ विचारलेलं, मापं कुणी घेतली, चौकट कुणाला सुचली. सर काही बोलले नव्हते, कुणी मला शिकवलंही नव्हतं. मी म्हणालो, मी. तोंडातून गेलं आणि मग ते परत घ्यायचा धीर झाला नाही. तुला आनंदाचं पत्र लिहिताना मला हे पक्कं माहीत होतं.

परीक्षकांच्या पत्त्यावर काल मी खरं काय ते लिहून टाकलंय. मार्क जातील की राहतील, माहीत नाही.

मी मंगळवारी येतोय. फॉर्म भरायला तू एकटी जा, तिथे माझी गरज नाही. बुधवारपासून टोपली मी उचलतो आणि आयच्या शेजारी पाटावर मी बसतो. नोकरी लागली तरी तुझ्या तासांपुरतं काय करायचं ते मी बघीन, तू बघायचं नाही. बायका हसतील तर हसू देत.

आयला ते नाव कुणाचं आहे हे तू सांगू नकोस. तिचं बोट त्यावरून मीच उचलणार आहे, आणि मीराबाईच्या दारातही मीच जाणार आहे.

लोभाचं मागत नाही. तुला जमेल तेव्हा.

सहदेव