पबातला चिअर्स

बेंगलोर, सोमवार

शेखरच्या बाबांना गिरजाचा नमस्कार.

मी बरी आहे. गुडघा दुखत नाय, कारण या चौदाव्या मजल्यावर चालायला जागाच नाय.

काल शेखर आणि सूनबाई मला आणि नातीला पबात घेऊन गेले. सकाळीच बियर आणि अंडी-पाव, त्याला ब्रंच म्हणतात. तुमी खूश झाला असतात. तिथल्या गाण्यांपुढे आपल्या धसई गावच्या लग्नातला डीजे बरा. मला भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवलं, पुढं टेबल, उठायची सोय नाय.

शेखर इंग्रजीत कायतरी बोलला आणि त्याच्या मित्रांनी "चिअर्स" म्हणत गिलास वर केले. मीपण सरबताचा केला. मग नात म्हणाली, "आजी, पप्पांनी सांगितलं, तू आता कायमची इथंच राहणार. तू पण चिअर्स केलंस."

शेखर म्हणतो, बाबांनी हो म्हटलंय. म्हैस विकताना तुमी मला चारदा विचारलं होतं. आता एकदापण नाय?

तुमची भाकरी कोण भाजतं? शेजारची भिमी देते का?

शेखरला फोन करून नाय म्हणा. मी सांगितलं तर पोराला लागेल. तुमी सांगितलं तर नुसता चिडेल.

उत्तराची वाट बघते.

गिरजा