एकसारख्या दोन ओळी

ता. ९, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे. धाकटीचा पुढचा दात पडलाय आणि ती तो कुणाला फेकू देत नाही. बायको रोज म्हणते, ताईंना चार दिवस घेऊन या. मी "आणतो" म्हणतो आणि जागचा हलत नाही. दाजी गेल्यापासून तुझ्याकडे फिरकलो नाही, कामाचा ढीग आहे म्हणून. ढीग आहे, पण परवापासून कारण वेगळं आहे.

माझं काम तू विचारायचीस आणि मी "संगणकावरची हमाली" म्हणून उडवून लावायचो. आज सांगतो. गिऱ्हाइकांनी ऑक्सिजनचे पैसे भरले की बँक आमच्या कंपनीला फाइल पाठवते. ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तशीच चालत नाही. रकाने बदलायचे, तारखा सरळ करायच्या, मग आत घालायची. कधी तीच ओळ दोनदा येते, म्हणून मी एक सोय केली: तारीख, नाव, रक्कम सारखी असली की दुसरी ओळ आपोआप गळणार. साहेबांनी पाठ थोपटली. मीही शेफारलो.

दाजींच्या दोन सिलिंडरांचे पैसे तू एरवी एकत्र भरायचीस. शेवटच्या वेळी सारख्याच रकमेची दोन वेगळी बिलं आली, म्हणून एकाच दिवशी दोनदा भरलेस. मग आमच्या ऑफिसातून फोन आला, "एकाचेच आलेत, दुसरं मिळणार नाही." तू भांडली नाहीस. तुझं चित्त ठिकाणावर कुठे होतं? वाटलं, राहिले असतील. पुन्हा भरलेस, पण गाडी यायच्या आत घरातलं सिलिंडर संपलं.

परवा बँकेची शिल्लक आमच्या हिशेबाशी जुळेना. पैसे जास्त निघाले. शोधताना तुझी गळलेली ओळ सापडली.

डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं तशीही गेलीच होती. दोन दिवस मी त्याच वाक्याला धरून बसलो. काल बायकोनं सांगितलं, तुझ्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणतात, "हिनं वेळेवर पैसे भरले असते तर माझा मुलगा वाचला असता," आणि तू खाली मान घालून म्हणतेस, "चुकलंच माझं."

ताई, तू पैसे भरले होतेस. दोन्हींचे. वेळेवर.

साहेबांना उद्या सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. गुरुवारी तुझ्याकडे येतोय. मला आत घ्यायचं की नाही ते तू बघ, पण सासूबाईंना हे मीच सांगेन. तोवर त्या बोलल्या तर पुन्हा "चुकलं" म्हणू नकोस.

ज्याच्या चुकीचं तू ऐकून घेतलंस, तो
तुझा धाकटा भाऊ