माळावरची तार

११ नोव्हेंबर
येडशीला कॉलेजात वादविवाद स्पर्धा. विषय मीच दिलेला: देशाच्या दुखण्याचं मूळ भ्रष्टाचार की भांडवलशाही. राज्यशास्त्राची बाई म्हणून परीक्षकही मीच. भ्रष्टाचारवाली पोरगी जिंकली. खुर्चीत प्रामाणिक माणूस बसला की निम्मं दुखणं जातं, असं ठासून बोलली. पटलं. पटणारच. बाळूला सरपंच करताना गावात घरोघर मी हेच सांगत फिरले होते, माझा भाऊ खाणार नाही.

१६ नोव्हें.
गावी गेले. गायरानाच्या माळावर सोलर कंपनीचे पॅनल बसले, भोवती तार ओढून झाली. निम्मा माळ आत. गेटवर कॅमेरा. हसीनाचाची शेळ्या घेऊन तारेबाहेर नुसती उभी. आमची शेजारीण, आईची जिवाभावाची. जमीन नाही, घर शेळ्यांवरच चालतं.
"बेटी, तुझ्या भावानं खाल्लं म्हणतेत गावात. म्या न्हाय म्हणत. पण माळ तर गेला."


१७ नोव्हें.
निघायच्या आधी बाळूला सरळ विचारलं. त्यानं चपला घातल्या, परत काढल्या, ओट्यावर बसला.
"आक्का, तुझी शपथ. त्यांचा चहासुद्धा घेतला न्हाय म्या."
खोटं बोलत नव्हता. त्याचं खोटं मला लहानपणापासून कळतं.
"सगळं कायद्यानं झालंय. ग्रामसभेत हात वर झाले. शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळणार. आप्पा रात्रीचं पाणी द्यायला गेले आन् साप चावला, इसरलीस व्हय?"
वडिलांना कसं विसरीन.
"हसीनाचाचीला विचारलं होतंस?"
"ती आलीच न्हाय सभेला. शेळ्या चारायला गेलती."
कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच माळावर.

२१ नोव्हें.
वर्गात लक्ष नव्हतं. दिवसभर एकच येतंय डोक्यात. त्यानं खाल्लं असतं तर बरं झालं असतं. लिहितानाही लाज वाटते. पण मग भांडता तरी आलं असतं, बोट दाखवायला माणूस मिळाला असता. आता कुणावर ओरडू? भाऊ स्वच्छ, कागद स्वच्छ, आणि चाची रस्त्याच्या कडेनं शेळ्या हाकत हिंडतेय.
त्या पोरीला नंबर द्यायला नको होता की काय. पण तीही खोटं कुठं बोलली.

३ डिसेंबर
माझ्या वाटणीचं रान कसणाऱ्या वाटेकऱ्याचा फोन. "बाई, दिवसा लाईट आली. आता गहू लई झ्याक येतोय बघा." मन हलकं झालं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, मी कुठल्या बाजूला आहे ते. रान आहे त्याला लाईट. ज्याला नाही त्याला तार.

१४ डिसें.
चाचीचा थोरला रफिक तारेवर वॉचमनला लागला. बी.ए. झालेला, दोन लेकरांचा बाप, इतकी वर्षं मिळेल ते काम करत होता. गावात भेटला तेव्हा अंगावर नवा गणवेश. खूश होता. काम काय म्हटलं तर हसून म्हणाला, "जनावरं आत येऊ द्यायची न्हाय." मग हसू गेलं.

५ जानेवारी
चाचीनं दोन शेळ्या विकल्या. गाभण होत्या. मला तिच्या सुनेकडून कळलं. रफिक आईशी बोलत नाही म्हणे. की आईच त्याच्याशी, कोण जाणे.

१८ जाने.
कंपनीला उरलेला माळही हवाय. २६ला ग्रामसभा. बाळूचा फोन, "तू येऊ नको आक्का. तू उठलीस की लोक म्हणणार, घरातच फूट हाय." तासाभरानं चाची, रफिकच्या बायकोच्या फोनवरून. "तू बोल बेटी. माझं कोण ऐकतंय?"
रान त्या गावात आहे, मतदान इथं. सभेत हात वर करायचाही हक्क नाही मला. हे कारण सांगून घरी बसता येईल. सोयीचं कारण आहे.

२६ जाने.
गेले. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा. बोलू दिलं. तयार केलेलं सगळं विसरले. एवढंच विचारलं, ज्याला जमीन नाही त्यानं जनावर कुठं चारायचं? कुणी विरोध केला नाही.  कंपनीचा माणूस नम्र, तरुण. म्हणाला, रास्त आहे मॅडम, वर कळवतो.
चाची मागून म्हणाली, "वर म्हंजी कुठं? म्या जाते की."
त्यानं हातातल्या फोनकडं बघितलं. खरंच माहीत नव्हतं त्याला, असं वाटलं.
बाळू माझ्याकडं न बघता म्हणाला, ठराव पुढच्या सभेला घेऊ. कुरकुर झाली. रानवाले चिडले, एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "पगारवालीला काय जातंय."
सभा उठतेय तोवर निरोप आला. रफिकनं माळावरचं गेट उघडून शेळ्या आत सोडल्या, स्वतः गेटात बसलाय. आईच्याच न्हाईत, वाडीतल्या सगळ्यांच्या.
कंपनीच्या माणसानं फोन लावला. बाळूनं मोटारसायकल काढली. मागं बसू का म्हटलं, तर थांबला नाही.
रफिकला बाहेर काढायला गेला की त्याच्याशेजारी बसायला, कळलं नाही. चाची आणि मी चालत निघालोय त्याच वाटेनं, पाणी प्यायला टेकलो तेवढ्यात हे लिहितेय.