कापलेल्या चित्राची नोंद

सर,

तुमच्या पुस्तकांची यादी काल संपली. तुमच्या जुन्नरच्या घरी दर रविवारी जाऊन मी ती केली. फोटोग्राफीच्या इतिहासावरची एवढी पुस्तकं तुम्ही चित्रकलेच्या मास्तराच्या पगारात, रद्दीवाल्यांकडून, बंद पडलेल्या स्टुडिओंतून कशी जमवलीत याचं कौतुक सगळं गाव करतं. तुमच्या माघारी काकू ती आता वाचनालयाला देणार आहेत, कपाटावर तुमचं नाव लागणार आहे. मी मंचरच्या कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून यादीसाठी त्यांनी मलाच बोलावलं.

आठवीत तुम्ही मला भर वर्गात उभं केलं होतंत. एका इंग्रजी पुस्तकातलं चित्र ब्लेडनं कापलेलं निघालं. जुन्या काळी फोटोला वेळ लागायचा, म्हणून हलू नये यासाठी डोक्यामागे लोखंडी टेकू लावून बसवलेल्या बाईचं चित्र. आदल्या दिवशी ते पुस्तक माझ्या हातात होतं, एवढा पुरावा तुम्हाला पुरला. "डोंगरातल्या पोरींना पुस्तकाची काय किंमत? चोर कुठली!" असं म्हणालात. वसतिगृहात मुली पेट्यांना कुलपं लावू लागल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, भाताची कापणी उरकून, आई घाटघरहून येते. मला कोपऱ्यात घेऊन विचारते, "पोरी, घेतलं आसंल तर दिऊन टाक. मी न्हाई मारायची." मी रडते, तिला ते कबुलीसारखं वाटतं. मग ती तुमच्या पाया पडते. "लेकरू हाय मास्तर, चुकलं तिचं." तुम्ही म्हणता, "असू द्या बाई, झालं गेलं." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवी रंगपेटी दिलीत. केवढी हरखले होते मी!

गेल्या रविवारी एका जाडजूड जर्मन पुस्तकात पाकीट सापडलं. आत ती बाई, आणि पुण्याच्या छापखान्याची चिठ्ठी: शाळेच्या वार्षिकांकात छापायचा ब्लॉक करण्यासाठी पाठवलेलं चित्र परत करत आहोत. पाकिटावर तुमच्या अक्षरात, "मीच कापून दिले होते. विसरलो." टपालाचा शिक्का त्याच वर्षीच्या पोळ्याच्या आठवड्यातला. म्हणजे आई पाया पडली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. विसरलात हे मी सोडून दिलं असतं, सर. पण तुम्ही तिला वाकू दिलंत! ती तो संशय घेऊनच गेली. आणि रंगपेटी देऊन तुम्ही मोकळे झालात. शाळा सुटेपर्यंत अडीच वर्षं मी रोज तुमच्यासमोर बसत होते. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

यादीत त्या इंग्रजी पुस्तकासमोर मी शेरा लिहिला: "एक चित्र संग्राहकाने स्वतः कापलेले." काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"ह्ये लिवायलाच पायजे व्हय गं? माणूस गेलं आता."

"माझी आईही गेली, काकू."

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. खोडायला पुन्हा सांगितलं नाही. चहा मात्र केला, आणि मी तो प्यायले नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, काकूंना तर मी दाखवणारच नाही. फक्त एक सांगते. तो शेरा वहीत उतरवण्याआधी मी कच्च्या कागदावर तीनदा लिहून पाहिला. अक्षर वाकडं आलं तर तुम्ही रागवाल, अशी भीती वाटली.